मांजरीच्या ऑपरेशननंतरचे दहा दिवस



गाय-बैल, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे घरातल्या मांजरीविषयी. कोणी म्हणेल, "मांजरीचं काय सांगायचं? ती काय दूध देते, का औत ओढते?" पण मंडळी, ज्वारीची रास घरात आली आणि बळदात, कणगीत नाहीतर पोत्यांच्या थप्पीत पडली, की त्या दिवसापासून रात्रपाळी कोण करतो? आपण झोपलो की उंदरामागे जागते ती मांजरीच. माणूस धान्य साठवायला लागला तेव्हापासूनची ही सोबत आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे.

उंदीर वाढले म्हणजे काय होते, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने लोकांनी घरे सोडली, धान्य आत तसेच राहिले आणि उंदीर माजले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रोगी आढळले. मांजर हे काही प्लेगवरचे औषध नव्हे. उंदीर आपोआप मरून पडू लागले तर मांजरालाही त्यांच्यापासून दूर ठेवावे आणि आरोग्य केंद्राला कळवावे. पण एरवी घरात एक चांगली मांजरी असावी, यात शंका नाही.

घरात मांजर हवे, मांजरांचा कळप नको

अडचण पुढेच आहे. चार-पाच महिन्यांची मांजरी दिसायला पिल्लूच असते, पण तेवढ्या वयात ती गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते. एका वेताला तीन ते पाच पिल्ले आणि वर्षाला दोन-तीन वेते होतात. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. मग काय होते, तुम्ही पाहिलेच आहे. काही पिल्ले कुत्री नेतात, काही बोका मारतो आणि उरलेली कोणीतरी पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडून येतो. मांजर मारल्याचे पाप सोन्याचे मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, असे जुनी माणसे सांगत. मग शिवेवर सोडलेली पिल्ले उपाशी मरतात, ते काय कमी पाप झाले?

यावर उपाय म्हणजे मांजरीचे नसबंदीचे ऑपरेशन. आता गावोगावचे लोक ते करून घेऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ऑपरेशन करून आणले, मांजरी घरात सोडून दिली, आणि तिसऱ्या दिवशी ती माळवदावर उडी मारताना टाके तुटले, असे होता कामा नये. डॉक्टरांचे काम तास-अर्ध्या तासाचे असते. मांजरी बरी होते ती तुमच्या घरी, पुढच्या दहा दिवसांत. हे दहा दिवस कसे काढायचे, तेच आज पाहू.

हे ऑपरेशन म्हणजे नेमके काय

गोऱ्हा खच्ची करताना डॉक्टर चिमट्याने बाहेरूनच नस दाबतात. पोट उघडत नाहीत. म्हणून गोऱ्हा चार-दोन दिवसांत हिंडू-फिरू लागतो. मांजरीचे तसे नाही. तिला पूर्ण भूल देऊन पोट उघडावे लागते आणि आतली बीजकोशे व गर्भपिशवी काढावी लागते. मग आतले थर वेगळे आणि वरची कातडी वेगळी शिवतात. बाहेरून पाहाल तर जखम दोन-तीन बोटांच्या पेराएवढीच दिसते, पण आत मोठे काम झालेले असते. वरची कातडी लवकर जुळते, आतल्या थराला जास्त दिवस लागतात. मांजरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेळू लागली म्हणून ती बरी झाली असे समजू नका. तिला बरे वाटते आहे एवढेच. आतला टाका अजून कच्चा आहे.

काही डॉक्टर पोटाच्या मधोमध चीर देतात, काही डाव्या कुशीवर देतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कुशीवरची जखम लांबूनही दिसते, पोटावरची पाहायला मांजरी उचलावी लागते, एवढाच तुमच्यापुरता फरक.

केव्हा करावे

चार ते सहा महिन्यांचे वय झाले, वजन निदान एक किलो भरले आणि मांजरी निरोगी असली, की ऑपरेशन करता येते. "एक वेत होऊ द्या, मग करू" असे म्हणण्याची गरज नाही. पहिल्या वेताने मांजरीचे काही भले होत नाही.

आपल्याकडे ऋतूही पाहावा. पावसाळ्यात माश्या फार. जखमेवर माशी बसली तर अळ्या पडायची भीती. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात ऊन सोसत नाही. म्हणून जमेल तर हिवाळा बरा. पावसाळ्यात जन्मलेले पिल्लू हिवाळ्यात बरोबर वयाला येते, आणि दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, त्याच्या आधी काम उरकते. पण हिवाळा हुकला म्हणून वर्षभर थांबू नका. काळजी घेतली तर ऑपरेशन केव्हाही होते.

आता एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे उसाच्या तोडीला निघतात. निघायच्या आदल्या आठवड्यात मांजरीचे ऑपरेशन करू नका. दहा दिवस घरात लक्ष देणारे माणूस पाहिजे. घरी आई-वडील राहणार असतील आणि त्यांना मांजरी उचलता-पाहता येत असेल, तर त्यांना हा कागद वाचून दाखवा आणि मगच ठरवा. नाहीतर पट्टा पडून तुम्ही परत आल्यावर करा, आणि तोवर माजावरच्या मांजरीला रात्री कोंडून ठेवा.

दवाखान्यात नेताना

आधी दवाखान्यात जाऊन किंवा फोन करून विचारा. मांजरीचे पोटाचे ऑपरेशन प्रत्येक गावच्या दवाखान्यात होतेच असे नाही. त्यासाठी भुलीची सोय आणि हात बसलेला डॉक्टर लागतो. तालुक्याच्या किंवा बीडच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा. परळी-माजलगावकडच्या मंडळींना परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते १९७२ पासून चालू आहे. अंबाजोगाईकडून उदगीरचेही महाविद्यालय आहे, ते १९८७ चे. खर्च किती येईल तेही आधीच विचारून घ्या.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा.

एक, मांजरी माजावर आहे का, बोक्याबरोबर दिसली होती का.

दोन, तिला खोकला, शिंका, जुलाब असे काही चालू आहे का.

तीन, आणि ही फार महत्त्वाची: गेल्या महिना-दोन महिन्यांत घरात किंवा शेतात उंदराचे औषध टाकले होते का. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला असेल, तर तिचे रक्त गोठायला वेळ लागतो. वरून ती चांगली दिसेल, पण ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबणार नाही. डॉक्टरांना कळले तर ते ऑपरेशन पुढे ढकलतील, व्हिटॅमिन के देतील. लपवले तर मांजरी जाईल.

उपाशी किती ठेवायचे तेही विचारा. बैलाच्या ऑपरेशनआधी दिवसभर वैरण तोडतात, तसे मांजरीला करू नका. लहान मांजरी फार वेळ उपाशी राहिली तर तिच्या रक्तातली साखर उतरते. काही तासांचा उपास पुरे असतो, आणि पाणी त्या सकाळपर्यंत चालते. डॉक्टर सांगतील तेवढेच करा.

मांजरी पोत्यात घालून नेऊ नका. ती गुदमरते. टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट एकमेकांवर तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधा. आत जुने धोतर नाहीतर लुगडे घाला. हवा खेळते, मांजरी पळत नाही, आणि परत आणताना हेच कॅरेट तिची खाट होते.

पहिली रात्र

दवाखान्यातून आणलेली मांजरी पूर्ण शुद्धीवर नसते. डोळे उघडे असतात, पण नजर नसते. मागचे पाय लटपटतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा आलेला दिसतो. याला घाबरू नका. भूल बारा ते चोवीस तासांत उतरते. या रात्री पाच गोष्टी करा.

पहिली, ती जमिनीवर ठेवा. खाटेवर, कोनाड्यात, पोत्यांच्या थप्पीवर नको. तोल नसतो, पडली तर टाके तुटतात.

दुसरी, ऊब द्या. भुलीत अंग थंड पडते. खाली जाड वाकळ घाला, वरून हलके कापड टाका. बाटलीत कोमट पाणी भरून, बाटलीला फडके गुंडाळून शेजारी ठेवा. पण चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ ठेवू नका. शुद्धीवर नसलेल्या मांजरीला चटका कळत नाही, आणि कळला तरी तिला सरकता येत नाही.

तिसरी, मान सरळ ठेवा. नाक कापडात दबलेले नाही ना, ते पाहा. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिली असेल तर अलगद कूस बदला.

चौथी, चमच्याने किंवा बोळ्याने दूध-पाणी पाजू नका. आपल्याकडे आजारी जनावराला पाजायची सवय आहे, पण अर्धवट शुद्धीत पाजलेले पाणी पोटात न जाता छातीत उतरते. मांजरी स्वतः मान धरून नीट चालू लागली, की वाटीत थोडे पाणी पुढे ठेवा. ते टिकले तर तासा-दोन तासांनी नेहमीच्या पाव हिस्सा खाणे द्या. एखादी उलटी झाली तर काळजी नाही. पुन्हा पुन्हा झाली तर डॉक्टरांना विचारा.

पाचवी, कुत्रे, कोंबड्या आणि पोरेसोरे तिच्यापासून लांब ठेवा. अंधारी, शांत जागा बरी. भुलीत असलेली गरीब मांजरीसुद्धा घाबरून चावते.

जागा कशी असावी

दुसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत मांजरी घरातच पाहिजे. कोंडणे म्हणजे छळ, असे वाटू देऊ नका. या दिवसांत कोंडणे हेच औषध आहे. एखादी लहान खोली घ्या. उतरंड, फळी, पेट्यांची रास अशी चढायची जागा तिथे नको. फवारणीची औषधे, खताची पोती, उंदराच्या वड्या ठेवलेली खोली तर मुळीच नको. न्हाणी ओली असते, तीही नको. खोली नसेल तर कोंबड्या झाकायचे मोठे डालगे स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून वापरा. रात्री कॅरेटमध्ये ठेवा.

अंथरायला धुतलेले सुती कापड घ्या आणि रोज बदला. कडबा, भुसकट, गोणपाट नको; त्याची कुसळे जखमेत जातात. तिला बाहेर जाता येणार नाही, म्हणून कोपऱ्यात जुने घमेले ठेवा. घमेल्यात माती किंवा राख घालू नका, ती टाक्यांना चिकटते. वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे घाला आणि रोज टाकून द्या. पहिल्या चोवीस तासांत लघवी झाली पाहिजे. शौचाला दोन-तीन दिवस लागले तरी चालते, कारण पोटात फारसे काही गेलेले नसते.

आणखी एक. ऑपरेशन झाले तरी काही दिवस मांजरीच्या अंगाला माजाचा वास राहतो. बोके घराभोवती घिरट्या घालतात. बोक्याने धरले तर जखम फाटेल. म्हणून रात्री खिडकीसुद्धा लावून घ्या.

खाणे-पिणे

थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्या. उकडलेले अंडे कुस्करून, मीठ-मसाला न घालता शिजवलेली कोंबडी किंवा मासा सगळ्यात चांगला. ते जमत नसेल तर तिला सवय असलेली भाकरी थोड्या दुधात मऊ करून द्या. नुसत्या दुधावर मात्र ठेवू नका. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात. पाणी ताजे आणि सदा समोर असावे.

कालवणाचा रस्सा देऊ नका. त्यात कांदा-लसूण असतो. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेल्या मांजरीला ते अधिकच वाईट.

दुसऱ्या दिवशी तिने थोडे तरी खाल्ले पाहिजे. चोवीस तास उलटूनही ती खाण्याला तोंड लावत नसेल तर "खाईल उद्या" म्हणून थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, चरबी चढते आणि नवाच आजार उभा राहतो.

चाटू द्यायचे नाही

"मांजर जखम चाटून बरी करते" असे आपण ऐकत आलो. ओरखड्याचे ठीक आहे, टाक्यांचे नाही. मांजरीची जीभ किसणीसारखी खरखरीत असते. तिने मनावर घेतले तर एका रात्रीत टाके उपसून काढते. म्हणून गळ्याभोवती पसरट पट्टा घालतात. त्याला दवाखान्यात कॉलर म्हणतात. मांजरीच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे आले नाही अशी गोष्ट आहे. इथे मात्र तुम्हाला पुढे यावेच लागेल.

कॉलर मिळाली नाही तर अंगरखा शिवा. जुन्या सुती बनियनची किंवा पोरांच्या सदऱ्याची लांब बाही घ्या. मांजरीच्या गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबीचा तुकडा कापा. पुढच्या दोन आणि मागच्या दोन पायांसाठी चार भोके पाडा. शेपटीखालची जागा मोकळी ठेवा, म्हणजे घाण होणार नाही. कापड अंगाबरोबर बसावे, पण दोन बोटे आत जावीत. ओले झाले तर लगेच बदला. दोन अंगरखे असले म्हणजे बरे. पहिला दिवस मांजरी उलटी-सुलटी होईल, मागे मागे चालेल. दया येऊन काढून टाकू नका. दुसऱ्या दिवशी सवय होते.

रोज दोनदा पाहा

सकाळ-संध्याकाळ उजेडात जखम पाहा. हात साबणाने धुऊन घ्या. टाक्यांच्या कडेला किंचित लाली, हाताला थोडी टणक गाठ, पहिल्या दिवशी एखादा लालसर थेंब, एवढे चालते. दिवसागणिक ते कमी होत गेले पाहिजे. जखम कोरडी राहिली पाहिजे. ती धुऊ नका, मांजरीला आंघोळ घालू नका. हातात मोबाईल असेल तर रोज एक फोटो काढून ठेवा. कालच्यापेक्षा आज बरे आहे का वाईट, ते फोटोवरून लगेच कळते, आणि डॉक्टरांना दाखवताही येते.

पोटावर जखम असलेली मांजरी मानगूट धरून लोंबकळत उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अशी उचला.

जखमेला काय लावू नये

मंडळी, सगळ्यात जास्त घात इथे होतो, आणि तो मायेपोटी होतो. बैलाच्या खांद्याला, गायीच्या खुराला आपण जे लावतो, तेच मांजरीला लावतो. लक्षात घ्या, बैल अंग चाटून स्वच्छ करत बसत नाही, मांजर दिवसभर तेच करते. जे अंगाला लावाल ते तिच्या पोटात जाणार.

म्हणून हळद, चुना, राख, रॉकेल, वंगण, कडुलिंबाचे तेल यातले काही लावू नका. फिनेल आणि त्या वासाची काळी औषधे तर मांजराला विषच आहेत. जनावरांच्या जखमेतल्या अळ्यांवर टर्पेंटाईन वापरतात, तेही मांजरीला नको. डॉक्टरांनी मलम दिले असेल तेवढेच लावा. काही दिले नसेल तर काहीच लावू नका. कोरडी, स्वच्छ जखम आपली आपण भरते.

गोचिडाच्या औषधाचेही तेच. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमित्राझ ही औषधे गाई-म्हशींवर मारतात. मांजराला ती सोसत नाहीत. अंगाला कंप सुटतो, झटके येतात. या दहा दिवसांत गोठा फवारायचा असेल तर मांजरी लांब ठेवा, आणि फवारलेल्या हाताने तिला धरू नका. पिसवा झाल्या असतील तर मांजराचे वेगळे औषध मिळते, ते डॉक्टरांकडून घ्या.

माणसाची गोळी देऊ नका

मांजरी कण्हते आहे, अंग गरम वाटते आहे, म्हणून घरातली तापाची गोळी अर्धी करून दुधातून देणारी माणसे आहेत. असे कधीही करू नका. पॅरासिटामॉल माणसाच्या लेकराला चालते, मांजराला नाही. ते पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. एका गोळीनेही मांजर मरू शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजते, श्वास लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक याही गोळ्या तशाच घातक आहेत. चुकून दिली गेली असेल तर लाजू नका. गोळीचे पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा.

दुखणे मात्र खरे असते. मांजरी दुखले तरी ओरडत नाही. ती कोपऱ्यात पाठ उंच करून बसते, डोळे अर्धे मिटते, पोटाला हात लावू देत नाही. म्हणून दवाखान्यातून निघतानाच विचारा, "डॉक्टरसाहेब, दुखण्याचे औषध मांजरीच्या वजनाने किती आणि किती दिवस?" सांगितले तेवढेच द्या. लवकर बरे व्हावे म्हणून दुप्पट देऊ नका.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

१) जखमेतून रक्त ठिबकत राहते, किंवा पोट फुगत चालले आहे.

२) हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत. चांगल्या मांजरीच्या हिरड्या गुलाबी असतात. ऑपरेशनच्या आधीच एकदा पाहून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

३) टाके सुटून जखम उघडली आहे, किंवा आतले काही बाहेर डोकावते आहे. अशा वेळी ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके त्यावर ठेवा, सैल गुंडाळा आणि निघा.

४) पू, घाण वास, किंवा जखमेत अळ्या.

५) तोंड उघडे ठेवून धापा टाकते.

६) चोवीस तासांत खाल्ले नाही, लघवी केली नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत.

७) दुसरा दिवस उलटला तरी ती झिंगलेलीच आहे, हाक मारली तरी मान उचलत नाही.

जिथे ऑपरेशन केले त्या डॉक्टरांना आधी फोन करा. ते मिळाले नाहीत तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर विचारा. रात्र आहे, मांजर तर आहे, सकाळी बघू, असे म्हणू नका. वरच्या पहिल्या तीन आणि पाचव्या लक्षणाला सकाळ उजाडत नाही.

चावले-ओरबाडले तर

दुखऱ्या मांजरीने चावा घेतला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासूनच होतो असे नाही, मांजरापासूनही होतो. तीन महिने पूर्ण झालेल्या मांजरीला त्याची लस देता येते. ऑपरेशनच्या निमित्ताने दवाखान्यात जातच आहात, तर लस केव्हा द्यायची तेही विचारून या.

दहा दिवसांनंतर

बाहेरचे टाके असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. घरी ब्लेडने कापू नका. आत विरघळणारे टाके घातले असतील तर काढावे लागत नाहीत, पण तरी एकदा दाखवून आणा. डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले की अंगरखा काढा. पहिल्या दिवशी घरात मोकळी सोडा, मग अंगणात. त्याआधी घरा-शेतातल्या उंदराच्या वड्या उचलून घ्या. मांजर आणि विषारी वड्या एका घरात नांदत नाहीत.

"ऑपरेशन केलेली मांजरी उंदीर धरत नाही" असा एक समज आहे. तो खोटा आहे. शिकारीचा आणि पिल्ले होण्याचा संबंध नाही. उलट, बोक्यामागचे रात्रीचे हिंडणे थांबते आणि ती घराजवळ राहते. मात्र तिची भूक वाढते आणि गरज कमी होते. म्हणून पुढे खाणे थोडे आवरून द्या, नाहीतर ती चुलीपाशी लोळणारी लठ्ठ मांजरी होईल, आणि मग दोष ऑपरेशनला मिळेल.

बोक्याचेही ऑपरेशन होते. त्यात पोट उघडावे लागत नाही, म्हणून तो लवकर बरा होतो. पण चाटू न देणे, कोरडे ठेवणे आणि औषधांची पथ्ये त्यालाही तीच.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचे तर: पहिली रात्र ऊब आणि जमीन, दहा दिवस कोंडून, कोरडी, चाटू न देता, सकाळ-संध्याकाळ जखम पाहणे, आणि डॉक्टरांशिवाय अंगाला काही लावायचे नाही, पोटात काही घालायचे नाही. एवढे केले की अकराव्या-बाराव्या दिवशी तीच मांजरी पुन्हा बळदाच्या तोंडाशी कान टवकारून बसलेली दिसेल. ती तुमच्या धान्याची राखण वर्षानुवर्षे करणार आहे. तुम्ही तिची राखण दहा दिवस करा.

हा कागद दाराआडच्या खिळ्याला अडकवून ठेवा. शेजारी कोणी मांजरीचे ऑपरेशन करून आणले, तर त्यांनाही वाचून दाखवा. राम राम.